चोरखिसा

कुलूप खोटं बोलत नाही, असं मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो. फोडलं तर फोडल्याची खूण राहते. तारेनं उघडलं तर आत बारीक ओरखडे राहतात. किल्लीनं उघडलं तर काहीच राहत नाही.

आमच्या कपाटाच्या आतल्या कप्प्यातून बायकोची सोन्याची साखळी गेली, तेव्हा मी कप्प्याचं कुलूप काढून डोळ्याला भिंग लावून पाहिलं. आधी सगळ्यांचा संशय रंगाऱ्यांवर होता. दोन खोल्यांना रंग दिला त्याला आठवडा झाला होता. मी म्हणालो, "रंगारी नव्हेत. ओरखडा नाही. हे किल्लीनंच उघडलंय."

त्या कुलपाला किल्ल्या दोन, दोन्ही मीच घडवलेल्या. एक माझ्या गळ्यात असते. दुसरी सूनबाईच्या पर्समध्ये.

मी तिचं नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजच उरली नव्हती.

साखळी बायकोनं जाण्याआधी नातीसाठी म्हणून ठेवलेली. नात नऊ वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. सूनबाई औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. आणि माझी थोरली बहीण आमच्याकडेच राहते. तिला चौकशा करायची अशी सवय, की तिच्या माघारी आम्ही तिला फौजदार म्हणतो. साखळी गेली आणि फौजदारांना काम मिळालं.

"सूनबाई, तुझा भाऊ मागच्या महिन्यात येऊन गेला ना गं?"

"आला होता, आत्या. तुम्हीच चहा दिलात त्याला."

"नाही, सहज विचारलं."

असं रोज. मुलाला विचारलं की तो म्हणायचा, मला काही माहीत नाही. मी तर विचारतही नव्हतो. पण सूनबाई कपाटाच्या खोलीत गेली की माझं पेपर वाचणं थांबायचं आणि कान तिकडे जायचे. तिला ते कळत होतं. पंधरा दिवस तिनं सोसलं. मग एका सकाळी डबे भरता भरता, आवाज न चढवता म्हणाली, "यापुढे मला कुणी एकदा जरी विचारलं, तरी मी भिंगरीला घेऊन आईकडे जाईन. परत कधी येईन ते सांगणार नाही."

ती बोलते तसं करते. त्या दिवसापासून घरात कुणी विचारेना. नुसतं बघायचे.

मुलाच्या कंपनीनं शहराबाहेरच्या थीम पार्कमधल्या मनोऱ्याची लिफ्ट दुरुस्त केली होती. पार्कवाल्यांनी एका खास संध्याकाळचे पाच पास दिले. मुलगा म्हणाला, सगळे जाऊ, मनं जरा मोकळी होतील. त्या संध्याकाळी तिथे काय आहे, हे त्यानं विचारलंच नव्हतं. लिफ्टच्या माणसाला वर आणि खाली एवढंच कळतं.

निघताना सूनबाईनं माझा कोट आणून दिला. "मोकळ्यावर गार वारा असतो, बाबा. घाला. बाहीवर रंगाचा डाग पडलाय बघा, निघाला नाही."

फाटकाशी पोचलो तर वर मोठ्या अक्षरांत पाटी : चोर कोण? भिंगरीनं ती मोठ्यानं वाचली. आम्ही चौघं मोठी माणसं चार दिशांना बघायला लागलो.

"परत जायचं का?" मुलगा हळूच म्हणाला.

"का म्हणून?" सूनबाई म्हणाली. "मला काही अडचण नाही. कुणाला आहे का?"

कुणालाच नव्हती. आत गेलो.

तिथे सगळी नोकर माणसं पोलिसाच्या टोप्या घालून फिरत होती. रस्त्यावर पांढऱ्या रंगानं पावलं काढलेली. मुलांना प्लॅस्टिकची भिंगं वाटत होते. कर्ण्यातून एक बाई मधाळ आवाजात पुन्हा पुन्हा सांगायची, "आपल्या माणसांवर लक्ष ठेवा." फाटकावरच्या मुलीनं प्रत्येकाच्या हाती एकेक बंद पाकीट दिलं. एका कुटुंबात एकाच पाकिटात चोराचं कार्ड असतं. चोरानं ते संध्याकाळभर अंगावरच बाळगायचं. बाकीच्यांनी ओळखायचं. प्रत्येकाला एकदा, एकाच माणसाची झडती घेता येते. साडेसातला घंटा झाली की चौकीवर जाऊन चिठ्ठीवर नाव लिहायचं.

मी दिव्याखाली जाऊन, पाठ करून पाकीट उघडलं. अक्षरं दोनच होती. चोर.

मी कार्ड सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि चेहरा होता तसाच ठेवला. मला ते फार सोपं गेलं. कुलूपवाल्याच्या तोंडावर काही दिसून चालत नाही, लोक घरातलं सगळं उघडं टाकतात त्याच्यापुढे. खरं सांगायचं तर मजाही वाटली. पंधरा-वीस दिवसांत पहिल्यांदाच मी सूनबाईकडे न बघता दुसरीकडे बघत होतो.

आधी भिंगरी लाकडी घोड्यांवर बसली. तिथल्या बाकड्यांवर आम्ही टेकलो. टेकल्या टेकल्या फौजदार म्हणाल्या, "मी माझी झडती आत्ताच घेते. सूनबाईची."

"घ्या ना," सूनबाई म्हणाली आणि पर्स पुढे केली.

ताईनं पर्स बाकड्यावर पालथी केली. किल्ल्यांचा जुडगा, कंगवा, भिंगरीची रबरं, डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी, लाँड्रीची पावती. पावती ताईनं वाचून पाहिली. मग पर्सचं अस्तर दोन बोटांत धरून कोपऱ्याकोपऱ्यानं चाचपत गेली.

"आत्या," सूनबाई म्हणाली, "कार्ड तळहाताएवढं आहे. अस्तरात तुम्ही जे शोधताय ते कार्ड नाही."

"अगं खेळ आहे. तू मनाला लावून घेतेस."

"मी नाही लावून घेतलं. अजून उजवा कोपरा राहिलाय, तो बघा."

ताईनं तोही पाहिला. मुलगा मान वर करून आकाशपाळण्याकडे बघत होता. म्हणाला, त्याचा ब्रेक आवाज करतोय. मी तरी काय करत होतो? मी ताईच्या बोटांकडे बघत होतो. लाज वाटते सांगायला, पण तो उजवा कोपरा तिनं चाचपला तेव्हा मीही श्वास धरला होता.

तेवढ्यात भिंगरी घोड्यावरून उतरून धावत आली. डोळ्याला भिंग लावलेलं. "मी आजोबांची झडती घेणार. आजोबा, हात वर."

"थांब, कोटाची बटणं तर काढू दे," मी म्हणालो आणि पाठ फिरवली.

माझ्या कोटाला आतून, काखेच्या खाली एक चोरखिसा आहे. बायकोनं शिवलेला. मी लोकांच्या घरी कुलपं बसवायला जायचो तेव्हा त्यांच्या किल्ल्या त्यात ठेवायचो, चालताना वाजू नयेत म्हणून. तो बाहेरून कुणाला सापडत नाही. सदऱ्यातलं कार्ड काढून मी त्यात सरकवलं. कार्ड पुरतं आत जाईना. खाली काहीतरी होतं. मी बोट घातलं.

थंड, बारीक, कड्याकड्यांचं.

आणि ती सकाळ अख्खी माझ्यापुढे उभी राहिली. रंगारी येणार, घरात परकी माणसं फिरणार, सोनं अंगावर असलेलं बरं, म्हणून मीच पहाटे कप्पा उघडून साखळी इथे ठेवली होती. माझ्या किल्लीनं. दिवसभर कोट घालून बसलो होतो. सूनबाईनं दोनदा विचारलंही होतं, बाबा, उकडत नाही का? रंगाच्या वासानं संध्याकाळी डोकं धरलं, मग दोन दिवस तापानं पडलो. उठलो तेव्हा कुलूप आठवत होतं, रंगारी आठवत होते. ती पहाट तेवढी गळून गेली होती.

कुलूप खरंच बोललं होतं. किल्ल्या दोन होत्या, आणि मी एकच मोजली होती.

"आजोबा, वळा की."

मी वळलो. भिंगरीनं सगळे खिसे पाहिले. रुमाल, चष्म्याचं घर, सुपारीची डबी. "आजोबा निर्दोष," ती ओरडली.

मग आम्ही जेवायला बसलो.

सूप आलं. सूनबाईनं माझी वाटी चव घेऊन पुढे सरकवली. "मीठ कमी घालायला सांगितलं होतं. बरोबर आहे." मी खाली मान घालून पीत राहिलो. डोक्यात एक वाक्य तयार होत होतं, आणि मी ते कानशीनं घासावं तसं गुळगुळीत करत होतो. उद्या सकाळी कप्पा बाहेर ओढायचा, साखळी मागच्या फटीत टाकायची आणि हाक मारायची : अरे, ही बघा, कप्प्याच्या मागे पडली होती. सगळे सुटतील. सूनबाई सुटेल. फौजदारांना दुसरं काम मिळेल. कुणाचं काही जायचं नाही.

माझंही जायचं नाही, हे खरं कारण. ज्याच्या शब्दावर लोक घर उघडं टाकून गेले, तो स्वतः ठेवून स्वतः विसरला, हे एकदा कळलं की पुढे माझ्या प्रत्येक बोलण्यावर मुलगा हो बाबा, बरं बाबा म्हणणार. गळ्यातली किल्ली प्रेमानं काढून घेणार. म्हातारपणी माणसाजवळ उरतं काय, तर त्याच्या शब्दाला असलेलं वजन.

नूडल्स झाल्या. आइस्क्रीम आलं. ताई म्हणाली, "आज तू अगदी मुका झालास रे." मी म्हणालो, गार लागतंय.

साडेसातला घंटा झाली. चौकी म्हणजे लाकडी गजांची एक खोटी कोठडी आणि तिच्यापुढे टेबल. टेबलामागे खोट्या मिशांचा इन्स्पेक्टर. एका बाजूनं मिशी सुटली होती, तो बोलता बोलता ती दाबायचा. आम्ही चिठ्ठ्या लिहिल्या. माझी मी कोरीच घडी घालून टाकली. मागे आणखी पाच-सहा कुटुंबं रांगेत उभी होती.

इन्स्पेक्टर एकेक उघडून वाचायला लागला. "पहिली. सूनबाई."

"माझी," ताई म्हणाली.

"दुसरी. माहीत नाही." त्यानं मुलाकडे पाहिलं. "साहेब, असं चालत नाही."

"नाहीच माहीत," मुलगा म्हणाला.

"तिसरी कोरी. चौथी." अक्षर मोठं, वाकडं होतं. "आई."

"माझी," भिंगरी म्हणाली.

"अरे वा. आईवर संशय? पुरावा काय, छोट्या इन्स्पेक्टर?"

"पुरावा नाही," भिंगरी म्हणाली. "पण घरी पण सगळ्यांना आईच वाटते ना."

मागच्या रांगेतली माणसं हसली. आमच्यात कुणी हसलं नाही. सूनबाईनं भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हात तिथेच राहिला. तिनं इकडेतिकडे बघितलं नाही. पण ती उद्या बॅग भरणार, हे मला त्या हातावरून कळलं. आणि कप्प्यामागची ती फट, ते गुळगुळीत वाक्य, सगळं माझ्या मनातून उतरलं. उद्या साखळी मिळाली तरी भिंगरीनं लिहिलेलं कोण पुसणार होतं?

"पाचवी," इन्स्पेक्टर म्हणाला. "बाबा."

"माझी," सूनबाई म्हणाली. "पाकीट उघडल्यापासून त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. नाहीतर रोज बघतात."

मी कोट उघडला. चोरखिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. इन्स्पेक्टरनं घंटा वाजवली, रांगेनं टाळ्या दिल्या. टाळ्या थांबेपर्यंत मी उभा राहिलो. मग पुन्हा हात घातला आणि साखळी काढून कार्डावर ठेवली.

"हे पण मीच," मी म्हणालो. "रंगाच्या दिवशी पहाटे मीच काढली. ठेवली आणि विसरलो. सूनबाईनं कप्प्याला हातसुद्धा लावला नव्हता."

ताई शेजारच्या बाकावर बसली. मुलगा नुसतं "बाबा" म्हणाला. इन्स्पेक्टरनं साखळी पाहिली, मिशी दाबली आणि विचारलं, "ही आमच्या खेळातली नाही ना?"

"नाही," सूनबाई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "कधी कळलं तुम्हाला?"

"भिंगरीनं झडती घेतली तेव्हा."

"म्हणजे जेवणाच्या आधी."

"हो."

"सूप झालं. नूडल्स झाल्या. आइस्क्रीम झालं."

"हो."

"विसरलात, ते मी धरत नाही, बाबा. दुकानात रोज बघते, गोळी घेतली की नाही तेही माणसांना आठवत नाही. पण हे जेवण मी धरीन."

"धर," मी म्हणालो.

चोर पकडला की बक्षीस म्हणून फोटो काढतात. चोर गजांच्या आत, कुटुंब बाहेर. फोटोवाल्याला आमच्यातलं काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, आजोबा, आत. मी आत गेलो. फोटोत भिंगरी हसते आहे. ताई स्वतःच्या चपलांकडे बघते आहे. मुलगा बायकोच्या जवळ सरकायला बघतो आहे आणि मध्ये हातभर जागा आहे. सूनबाई सरळ समोर बघते आहे.

ती आईकडे गेली नाही. साखळी तिनं स्वतः कप्प्यात ठेवली, माझ्या देखत, आणि आपली किल्ली माझ्या हातात दिली. मी ती तीन दिवस जवळ ठेवली. चौथ्या दिवशी गळ्यातली काढून दोन्ही तिच्यापुढे ठेवल्या. तिनं तिची तेवढी घेतली.

फोटो मात्र तिनं बाहेरच्या खोलीत लावला, दारातून आत आलं की पहिला दिसेल असा. पाहुणे येतात, हसतात, विचारतात, आजोबांना आत का टाकलं? ती चहा ठेवायला उठते आणि म्हणते, "त्यांनाच विचारा."

ते विचारतात. मी जेवणासकट सगळं सांगतो.