काशीगावचा हृतिक

काशीगावच्या जिजाबाईनं आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तोही आख्ख्या आळीला हाताशी धरून. बाई वाईट नव्हती हो. पण पोराच्या मायेपुढं अक्कल गहाण पडते, ती अशी.

तिचा हृतिक एजंटाच्या नादी लागून टुरिस्ट व्हिसावर युरोपात गेला आणि तिथंच राहिला. व्हिसा संपला, पासपोर्ट त्यानं फाडून टाकला, हॉटेलात भांडी घासत लपूनछपून दिवस काढले. शेवटी सापडलाच. हॉटेलातल्या कोणाकडून तरी गावाचं नाव कळलं, तसा तिकडच्या सरकारनं इकडं त्याचा फोटो धाडला: तुमचा असेल तर ओळखा आणि परत घ्या. तसा करारच झालाय म्हणे दोन सरकारांत. हृतिकचा मात्र फोन आला, की ओळख देऊ नका, कोणाचाच नाही ठरलो तर कंटाळून सोडतील.

झालं! जिजाबाईनं त्याचे दाखले, आधार कार्ड, सगळं चुलीत घातलं. मग आळीतल्या एकेकाला गावदेवीपुढं नेऊन तांदळावर हात ठेवायला लावला: पोलीस आले तर सांगायचं, असा पोर आमच्यात न्हाय. मिठागरं गेली, शेतं गेली, टॉवर आले, पण देवीपुढचा शब्द या लोकांनी कधी मोडला नाही. पोलीस आले तेव्हा जिजाबाईनंही फोटो पाहून मान हलवली, न्हाय, माझा न्हाय. त्या दिवशी तिच्या घशाखाली घास उतरला नाही.

पण तिकडचे लोक कसले कंटाळतात! कोणाचाच नसलेला माणूस सोडणार तरी कुठं? ठेवला कोंडून. परवा फोन आला तेव्हा तिला त्याचा आवाजच ओळखू येईना.

"आये, मला घरी आण," तो रडत होता. "न्हाय तर मी हितं जीव देईन."

जिजाबाई अनवाणीच पोलीस चौकीत पोचली. खोटं बोलले, पोर माझाच हाय, मला काय ती शिक्षा द्या पण त्याला आणा, म्हणत साहेबाच्या पायाशी बसली. साहेब चिडला. तेव्हा नाही, आज हो, कागद एकही नाही, सरकार म्हणजे काय खेळ वाटला का, असं बरंच बोलला. पण माणूस होता. आळीतल्या दोघांनी ओळख दिली तरी पुरे, म्हणाला, आजच अहवाल जायचाय. हवालदाराला त्यानं लगेच मोटारसायकलवर पिटाळलं आणि हिला जबाबाला बसवून घेतलं. आळीत फोन करायचं काही तिला सुचलं नाही.

रिक्षातून उतरून ती धावत आली तेव्हा हवालदार घराघरात विचारून निघालाच होता. कोपऱ्यावर तिचा दीर महिपत छाती काढून उभा. तिला पाहून त्यानं डोळ्यांनीच धीर दिला. तिनं एका हातानं मोटारसायकल धरली, दुसऱ्यानं महिपतचा सदरा.

"भावजी, सांगा यांना. हृतिक माझा हाय."

महिपतनं तिचे अनवाणी पाय पाहिले, विस्कटलेले केस पाहिले. चौकीत दम देऊन हिच्याकडून वदवून घेतलंय, असंच त्याला वाटलं. मग तर तो मुळीच डगमगणार नव्हता.

"साहेब, वयनीचं मनावर घेऊ नका," हात जोडून तो म्हणाला. "बिचारीला मूलबाळ न्हाय. कुनाच्याबी पोराला आपला म्हनते."

हवालदारानं मान डोलावली आणि किक मारली.