खडेबाबांचा विडा

पितळी ताटात खडा पडला. टण्ण! त्या एवढ्याशा आवाजासरशी दीडदोनशे माणसांनी एकदम हात जोडले. बायका आरती घेऊन पुढे सरसावल्या, म्हातारे डोळे पुसू लागले. आडव्या पडलेल्या सुखीबाईच्या बेंबीवरून खडेबाबांनी डोकं वर उचललं, ओठांवरचा लाल ओघळ उपरण्याने टिपला आणि आभाळाकडे पाहून डरकाळी फोडली.

"निकल आया पत्थर का बच्चा! बारा वर्षं मुक्काम ठोकून बसला होता, आज बिऱ्हाड मोडलं! नाभी म्हणजे देहाचा दरवाजा. ज्याला कडी उघडता येते त्याला सुरी लागत नाही!"

"पाह्यलं का जी? रगत पण निघालं!" माझ्या शेजारचा लखीराम मला कोपराने ढोसत म्हणाला.

मी पाहत होतोच. एकसष्ट सालचा मार्गशीर्ष चालू होता, आणि मी फुलसावंगीकडच्या एका छोट्या खासगी दवाखान्यात कंपाउंडर होतो. दवाखान्यापासून कोसभरावरच्या या तांड्यात दर गुरुवारी खडेबाबा माणसांच्या पोटातले मुतखडे तोंडाने चोखून काढतात, हे मला पंधरा दिवसांपूर्वीच कळलं होतं. मी त्यावर पोट धरून हसलो होतो. दवाखान्यात येईल त्याला मीठमसाला लावून सांगतही होतो. अक्कल असलेल्या माणसाला हसण्याचा फार सोस असतो, आणि हसायला पैसे पडत नाहीत.

त्या सकाळी धुरपताबाई दवाखान्यात आली तेव्हा ते हसू थांबलं. तिचा मुलगा पूनमसिंग तीन दिवस तापाने फणफणत होता, थंडी वाजून दात वाजत होते, उजव्या कमरेतून जांघेपर्यंत कळ जात होती.

"लघवी कशी होते?" मी विचारलं.

"वाटीभर होते जी. लाल. थेंबथेंब."

"पाणी भरपूर देता ना?"

"कायचं पाणी? बाबानं बंद केलं. पाण्यानं खडा पोसते म्हणे. दिवसातून दोन घोट, ते बी मंतरलेले. पाच गुरुवार पोरानं तांड्याची शीव ओलांडाची नाई. आज तिसरा हाये. नुसती तापाची गोळी द्या."

मुतखड्याच्या रोग्याचं पाणी तोडणारा हा महात्मा मला आता पाहायचाच होता. डॉक्टर पुसदहून आठवड्यातून दोनदाच येत, ते परवा येणार होते. मी दवाखान्याला कुलूप लावलं आणि तिच्यामागे निघालो.

आता तिच्या पूनमसिंगला चौघांनी घोंगडीवरून उचलून आणलं. चेहरा सुजलेला, ओठांवर पापुद्रे. मी पुढे झालो आणि म्हणालो, "याला आजच्या आज यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. नाहीतर हा जाईल."

"कोण हा? गोळ्यांच्या बाटल्या पुसणारा?" बाबा हसले. "बेटा, तुझा डॉक्टर काय करणार? पोट फाडणार! मी फाडतो का?"

"देवाच्या कामात खोडा कायले घालता, कंपाउंडरसाहेब?" चार आवाज एकदम उठले. दोघांनी मला दंडाला धरून मागे सारलं.

मग मी तोंड मिटलं आणि डोळे उघडे ठेवले. बाबांनी तीन चुळा भरल्या. जबडा आ करून गर्दीला दाखवला, एका म्हाताऱ्याला तर आत बोट फिरवायला लावलं. तोंड स्वच्छ रिकामं. सुखीबाईच्या वेळीही असंच झालं होतं. त्यानंतर त्यांच्या मिशाळ चेल्याने झोळीतून पानाचा एक विडा काढून दिला होता, 'ताकदीसाठी मंतरलेला'. बाबांनी तो चघळला आणि मगच बेंबीला तोंड लावलं. चेला आताही झोळीत हात घालत होता.

या तांड्यातली एक रीत मला ठाऊक होती. लग्न असो, मौत असो, न्याय असो, पानसुपारी नायकाच्या तोंडी लागल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडी जात नसे. नायक देवसिंग, तांड्याचा प्रमुख, सत्तरीचा होता आणि समोरच बसला होता. नेहमीच्या बैठकीत त्याच्या घरचं तबक फिरे, त्यामुळे प्रश्नच येत नसे. बाबांचं पान मात्र बाबांच्या झोळीतून येई आणि चमत्कार बघण्याच्या नादात ते कुणाच्या ध्यानी येत नव्हतं.

मी मोठ्याने म्हणालो, "नायक, एक विचारतो. तुमच्या तांड्यात पहिलं पान कोणाचं?"

देवसिंग ताठ बसला. "म्हंजे? नायकाचं. माह्या बापाचंही पहिलंच होतं, त्याच्या बापाचंही."

"मग तीन गुरुवार तुमच्यासमोर, तुमच्याच तांड्यात, पाहुणा आधी खाऊन राह्यला."

गर्दीत कुजबुज झाली. म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी म्हणालं, "बात तं खरी हाये."

"अरे, हा मंत्राचा विडा आहे!" बाबा गडबडले. "साध्या माणसाच्या तोंडात आग होईल!"

"होऊ द्या." देवसिंग उठला. "माह्या तांड्याचा मान जळण्यापरीस तोंड जळलेलं बरं. आण इकडे."

चेल्याने झोळी पाठीमागे नेली. पण नायकाला नाही म्हणायची त्या मैदानात कुणाची छाती नव्हती. लखीरामनेच झोळी ओढून विडा नायकाच्या हातात ठेवला. देवसिंगने तो कपाळाला लावला, तोंडात घातला आणि उरलेल्या पाचसहा दातांनी जोर लावून चावला.

कर्रकन आवाज झाला.

"याडी ये!" आईच्या नावाने ओरडून नायक मटकन खाली बसला. तळहातावर थुंकला. लाल चोथा, सुपारीचं खांड, अर्धा दात आणि तुरीच्या दाण्याएवढे दोन गुळगुळीत खडे.

धुरपताबाई पुढे आली. आधीच्या दोन गुरुवारी निघालेले खडे तिने पदराच्या गाठीत जपून ठेवले होते. तिने गाठ सोडली आणि ते नायकाच्या तळहातावर ठेवले. चारही खडे एकाच आईची लेकरं दिसत होते.

"हे तं पैनगंगेच्या रेतीतले हायेत," लखीराम हळूच म्हणाला.

"आजचा विडा बाटला!" बाबा ओरडले. "आधीचे खडे खरे होते! नाभीतूनच काढले!"

आता माझी पाळी होती. बाबांसाठी सकाळी बकरा कापला होता. महात्म्याला कलेजी आणि गुर्दे, म्हणजे मूत्रपिंडं, फार आवडत, म्हणून ते बाजूला थाळीत वेगळे झाकून ठेवले होते. मी त्यातला एक गुर्दा उचलला.

"लखीराम, बकरा तू कापला ना? हा कुठे सापडला?"

"कुठे म्हंजे? पाठीले चिकटून. कण्याजवळ, चरबीत."

"बेंबीला लागून नव्हता?"

"बेंबीशी त्याचं काय काम जी?"

"माणसाचेही दोन असतात, असेच, शेवटच्या बरगड्यांपाशी, पाठीकडे. पूनमसिंगची कळ कुठून उठते? कमरेतून. आणि हा चोखतो कुठे?"

मी सुरीने गुर्दा उभा चिरला आणि थाळीत उघडून धरला. "ही बाहेरची साल, हे आतले सुळके. रक्त इथे येतं, गाळलं जातं. चांगलं ते परत अंगात जातं, घाण पाण्यासोबत या मधल्या खोलगट जागेत झिरपते. तीच लघवी. इथून ही एक नळी निघते ती थेट खाली लघवीच्या पिशवीत. दुसरी वाट नाही. बेंबीकडे जाणारी एक तरी नळी दाखवा, मी या बाबाचे पाय धुऊन पिईन. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते आणि तिच्यातलाच क्षार साचून खडा धरतो. याने पाणी तोडलं म्हणजे खड्याला खतपाणीच घातलं. आता खडा नळीत अडकलाय, मागे लघवी तुंबून सडतेय, म्हणून हा ताप."

माणसं वाकून वाकून बघत होती. या लोकांनी जन्मभर बकरे सोलले, शेकडो गुर्दे हातांनी सोडवले आणि चुलीवर चढवले. डोळ्यांनी बघितलेलं सगळं एका भगव्या उपरण्यापुढे त्यांनी गहाण टाकलं होतं. मला त्यांचा संताप आला, आणि लखीरामचं शरमलेलं तोंड बघून माझाही.

बाबा आणि चेला पळाले नाहीत. नायकाने त्यांना बाभळीखाली बसवून ठेवलं आणि उमरखेडला पोलिसांकडे माणूस धाडला. धुरपताबाईला त्यांच्याकडे बघायला सवड नव्हती. ती मुलाचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या ओठांना तांब्या लावत होती.

"कंपाउंडरसाहेब, वाचंल का जी माहा पोरगा?"

"निघू या," एवढंच मी म्हणालो.

बैलगाडीने सडक, सडकेवरून एसटी, आणि अंधार पडता पडता यवतमाळ. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "जगेल. पण उजवं मूत्रपिंड काढावं लागलं. आत नुसता पू होता. पंधरा दिवस आधी आणला असता तर खडा काढून मूत्रपिंड वाचवता आलं असतं."

पंधरा दिवस! म्हणजे ज्या दिवशी मी पोट धरून हसत होतो, त्या दिवशी.

पूनमसिंग एका मूत्रपिंडावर जगतो, शेती करतो, जाता-येता मला रामराम घालतो. माणूस एकावर जगू शकतो, ही निसर्गाची कृपा आहे, कुठल्या बाबाची नाही. त्याचा रामराम घेताना मात्र माझी मान खाली जाते. बाबाने लबाडीने त्याचे पंधरा दिवस खाल्ले आणि मी शहाणपणाच्या तोऱ्यात खाऊ दिले.

म्हणून वाचकहो, एवढंच सांगतो. पाणी भरपूर प्या. कमरेत कळ आली, लघवी लाल झाली, थंडी वाजून ताप भरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. चमत्कार दाखवणाऱ्याला विचारा की हे कुठून आलं आणि कुठल्या वाटेने आलं. आणि शेजारचा कोणी रोगी घेऊन बाबाकडे निघाला असेल, तर घरात बसून हसू नका. उठा, आणि त्याला अडवा.