देवाचं पाणी आणि दाराआडची पाटी

मित्रांनो, दवाखान्यात फरशी पुसली की मधोमध उभी करतात ना, तीच मी, एक जुनी पिवळी पाटी. 'फरशी ओली आहे' एवढंच माझ्या पोटावर लिहिलंय. साच्यात प्लास्टिक ओतलं आणि मी झाले. जन्माचं कौतुक तेवढंच.

शिरूरच्या एका खासगी दवाखान्यात सोजराबाई पोछा मारायच्या आणि मला उभी करायच्या. "हिच्या कडंनं जा गं पोरींनो," असं नर्सना दटावायच्या. माझ्यामुळे किती जण पडायचे वाचले असतील! पण न पडलेला माणूस कधी आभार मानत नाही.

मग एक्स-रे मशिन आलं. रांजणगावच्या कारखान्यात बोट चेमटलेला कामगार आला की सगळे मशिनकडे धावायचे. जो तो त्याचेच गोडवे गायचा. मी जळायचे. खोटं कशाला बोलू?

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. मशिनला झेंडूचा हार. अँब्युलन्सलाही हार. पोछ्याच्या बादलीलासुद्धा कुंकू लागलं. सोजराबाई कुंकवाचं बोट घेऊन माझ्याकडे वळल्या, तोच व्यवस्थापक पोपटराव म्हणाले, "मावशी, ती कुठं हत्यार हाय? फोटोत वंगाळ दिसतीय. सारा तिला दाराआड."

मशिनसमोर नारळ फुटला. पाणी फरशीवर पसरलं. सोजराबाईंनी पोछा उचलला.

"देवाचं पाणी पोछ्यानं पुसतेत व्हय?" पोपटराव म्हणाले. "वाळंल आपोआप. पेढे वाटा आधी."

"आवो साहेब, कुणी पडंल की."

"तुम्हीच पडायच्या बघा, लई बोलताय."

आणि त्याच पडल्या. ताटासकट. पेढे मशिनखाली गडगडले. खुब्यात असा आवाज झाला, की दाराआड मलाही ऐकू आला.

"खाली बघून चालावं ना, मावशी," पोपटराव म्हणाले. मग त्याच मशिनखाली सोजराबाईंना निजवलं. डॉक्टर फोटो बघून म्हणाले, "काय क्लिअर आलाय." तेव्हाही कौतुक मशिनचंच!

सोजराबाई आता कारेगावच्या खोलीत भिंत धरून चालतात. त्यांच्या जागी दुसरी बाई आली. मशिनवरचा माझा जळफळाट काही गेलेला नाही, जाणारही नाही.

मित्रांनो, मोडलेलं हाड दाखवणाऱ्याला जरूर नावाजा. पण हाड मोडू नये म्हणून कोणी उभं असेल, तर त्याला हलवू नका. उद्या तुम्ही साहेब व्हाल. तेव्हा फरशी ओली दिसली की आधी पुसा. मग ते पाणी देवाचं असो, नाहीतर तुमच्या चहाचं.