तिचं एकच वाक्य

घशाचं ऑपरेशन झालं आणि बायकोचा आवाज कायमचा गेला. डबिंगच्या धंद्यात तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी आपला आवाज घातला होता. शेवटचा घातला तो या सिनेमातल्या नर्सच्या तोंडी, आणि तेही एकच वाक्य. सिनेमा असा काही आपटला की आजचा खेळ शेवटचा होता. तो पुन्हा कुठे लागेल अशी निर्मात्यालाही आशा नव्हती.

थिएटर जवळजवळ रिकामं होतं, तरी फोनवर बोलणारा गृहस्थ नेमका या नवराबायकोच्याच मागे बसला होता.

"हां, पिक्चरलाच आलोय. बोल की निवांत, काही चाललेलं नाहीये इथे."

पडद्यावर हॉस्पिटलचं दार उघडलं. बायकोने नवऱ्याचा हात घट्ट धरला. नवरा हात सोडवून मागे वळला.

"भाऊ, पाया पडतो, एक मिनिट थांबा."

"तुमचं काय जातंय, काका? तिकीट काढलंय मी."

"अहो, हिचा आवाज आहे यात! आता येईल! हिला बोलता येत नाही हो आता, एकदा ऐकू द्या!"

फोनवाला चक्क गप्प झाला. नवरा मात्र कळवळून सांगतच राहिला: घसा, डॉक्टर, ऑपरेशन. शेवटी बायकोने त्याच्या तोंडावर हात दाबला. तोवर पडद्यावरची नर्स आपलं वाक्य बोलून निघून गेली होती.

"हॅलो, सॉरी हां," मागून दबका आवाज आला, "इथे एक काका फार बोलतायत."