तीन थरांचा हिरवा रंग

तिसरी बॅटरी उकळली तेव्हा डॉक्टरांनी आपली जुनी गाडी गॅरेजच्या दारात आडवी लावली आणि बॉनेट उघडण्याआधीच तोंड उघडलं. हेडलाइट उडालेले, ॲसिड ओघळून बॅटरीखालचा पत्रा पांढरा पडलेला.

"साठ वर्षांत ही कधी रुसली नाही. तुमच्याकडून रंगवून नेली आणि रोज नवं नाटक!"

भाऊने फडका खांद्यावर टाकला. रंगकाम त्याचं, वायरिंग थोरल्या बहिणीचं. वडलांनी गॅरेज असंच वाटून दिलं होतं. "उद्यापासून वायरिंग बाहेरच्या माणसाला देतो, डॉक्टर. ताई आता घर सांभाळेल."

ताई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिला विचारलंही नव्हतं.

"मी मेले नाहीये अजून. इंजिन चालू कर."

"ताई, तीन बॅटऱ्या झाल्या..."

"चालू कर म्हटलं ना!"

तिने बॅटरीला मीटर लावला; काटा सतरा व्होल्टच्या पुढे गेला. चौदाच्या आसपास हवा होता. बॅटरी भरणाऱ्या डायनामोला आवर घालणारी कटआउटची डबी तिने दोनदा बदलली होती, दोन्ही वेळा तेच. आता तिसरी खोक्यातून काढली आणि परत ठेवली. तीन डब्या मिळून एकच चूक करत नाहीत.

मीटरची एक तार तिने बॅटरीच्या अर्थच्या टोकाला लावली, दुसरी डबीच्या तळाला. शून्य यायला हवं होतं. आले अडीच व्होल्ट. म्हणजे डबी गाडीच्या पत्र्याला भिडतच नव्हती. व्होल्टेज कमी आहे असं समजून डायनामोला हाकत सुटली होती.

तिने दोन स्क्रू काढून डबी उचलली. खाली गडद हिरवा रंग, तीन थर, आरशासारखा. वर नवेकोरे रबरी वायसर.

"हे कुणी केलं?"

"मी," भाऊ ताठ झाला. "बाबा म्हणायचे, नजर जात नाही तिथं आधी रंग दे."

"आणि मला म्हणायचे, लोखंडाला लोखंड भिडव! ते ऐकायला तू होतास कुठं?"

तिचा अर्धा राग स्वतःवरच होता. डबी बदलताना दोन्ही वेळा हाच आरसा समोर होता. 'काय सुरेख हात आहे याचा' असं वाटून ती पुढे गेली होती.

तिने पॉलिशपेपर घेतला आणि खसाखसा घासायला लागली.

"अगं, तीन दिवस लागलेत त्याला!"

"मला हे काम शिकायला वीस वर्षं लागलीत."

लोखंड चमकलं. वायसर फेकून तिने डबी आवळली, इंजिन चालू केलं. चौदा पूर्णांक दोन. तिने इंजिनाचा वेग वाढवला; काटा हलला नाही.

डॉक्टर खाकरले. "मग उद्याचा तो बाहेरचा माणूस?"

भाऊ काट्याकडे बघत राहिला. "येत नाही. वायरिंग ताईचंच."

"यापुढे माझ्याबद्दल बोलायचं तर माझ्याशी बोलायचं," ती म्हणाली आणि पॉलिशपेपर त्याच्या छातीवर दाबला. "मागच्या दिव्यांच्या बुडाशीही रंग दिलायस. तो तू खरवड. आत्ता, माझ्यासमोर."

भाऊने डॉक्टरांकडे पाहिलं. मग तो गाडीमागे उकिडवा बसला.