छताची काच

गाडी खड्ड्यातून गेली तसं शिवमूर्तीनं दोन्ही तळहात आणखी वर रेटले. मागच्या शिटावर तो गुडघे दुमडून उताणा पडला होता आणि घडी घातलेल्या टॉवेलनं छताची तडकलेली काच खालून दाबून धरली होती.

"हळू रं सटवाजी. अंगावर यील ना सगळी."

"हळूच चालवायलोय मालक."

सटवाजी आडतीवरचा जुना ड्रायव्हर. ट्रक असा पळवायचा की समोरच्यानं रस्ता सोडावा. आज मात्र शेजारच्या शिटावर खुद्द मालकीणबाई बसल्या होत्या, तेव्हा बिचारा दाराला चिकटून, अंग चोरून बसला होता. महादेवीलाही पुढं बसायची सवय नव्हती. पण मागचं शीट नवऱ्यानं अडवलेलं, मग करते काय? मांडीवर डबा घेऊन ती खिडकीबाहेर बघत होती.

जिंतूरहून परभणीला, गॅरेजवर, गाडी निघाली होती. विम्याचे सर्व्हेअर किशनराव तिथंच भेटणार होते.

काच तडकली त्याची कथा सांगायची सोय नव्हती. वालूरच्या एका लग्नाला शिवमूर्तीनं गाडी दिली होती. वरात वेशीत आली आणि नवरीच्या मामानं नारळ ओवाळून गाडीवरून पलीकडं फेकला. मामा बुटका, गाडी उंच. नारळ छतावर आपटला. तो काही फुटला नाही, काच मात्र या कडेपासून त्या कडेपर्यंत तडकली. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून ओवाळलेला नारळ होता तो! मामा तिथून जो गायब झाला तो पंगतीलासुद्धा दिसला नाही.

पहिल्यांदा गाडी बघायला आले तेव्हा किशनरावांनी विचारलं होतं, "दगडफेकीत फुटली का? नामांतराच्या बंदात फुटलेल्या काचा सारख्या बघतोय मी."

"न्हाई साहेब. नारळानं."

किशनरावांचं पेन थांबलं होतं. मग त्यांनी चष्मा काढून छताकडं नीट पाहिलं होतं.

"पण शिवमूर्तीअप्पा, या गाडीच्या छताला काच असतेच कुठं? कंपनी पत्र्याचं छत देते. मंजूर व्हायचं तर पत्र्याचं होईल."

"पत्रा नको. काचच पाहिजे."

"का पण?"

याचं उत्तर शिवमूर्तीला चारचौघांत देता आलं नव्हतं. नुसता मान हलवत राहिला होता.

उत्तर होतं अव्वा. त्याची आई, चन्नबसम्मा. ओट्यावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. परभणीच्या डॉक्टरकडं न्यायचं तर बसता येईना, मागच्या शिटावर आडवं करूनच न्यावं लागे. पहिल्याच खेपेला वर काळं छत बघून म्हातारी कळवळली होती.

"आपल्यात मेलेल्या माणसालाबी बसवून नेत्यात रे शिवा. अन् मला जित्तीला आडवी घालून, झाकून नेतूस व्हय?"

ते बोलणं त्याच्या काळजात रुतलं. त्यानं गॅरेजच्या चंद्रभान मिस्त्रीला छत कापायला लावलं, रबर लावून जाड काच बसवून घेतली. आडवी तर आडवी, पण अव्वाला झाडं दिसावीत, आभाळ दिसावं. मोंढ्यातल्या सगळ्या आडत्यांनी त्याची टिंगल केली. शिवमूर्तीअप्पाच्या गाडीत पावसाळ्यात छत्री घेऊन बसा म्हणे! शिवमूर्तीनं मनावर घेतलं नाही. अव्वाला नेताना तो सटवाजीला बसू देत नसे, गाडी स्वतः चालवायचा. मागं महादेवीच्या मांडीवर अव्वाचं डोकं असायचं. निम्म्या वाटेत, बोरी गाव आलं की, तो मागं न बघता विचारायचा,

"अव्वा, दिसायलंय का?"

"दिसायलंय की. बोरीची चिंच आली बघ. औंदा लय लगडलीय."

अन् थोड्या वेळानं, "झरीचा वड आला का रे? पारंब्या पार खाली आल्यात."

शिवमूर्तीची छाती फुगायची. आयुष्यात आईसाठी काही केलं असेल तर ते हेच, असं त्याला मनापासून वाटायचं. मागच्या साली अव्वा गेली. त्यांच्यातल्या रीतीनं विमानात, म्हणजे सजवलेल्या पालखीत बसवून, फुलं वाहून तिला नेलं, तेव्हा रडता रडता तो म्हणाला होता, शेवटी बसूनच गेली माझी माय. त्यानंतर घरात तिचं म्हणावं असं त्याला हे छतच वाटत होतं. ते पत्र्यानं बुजवायचं म्हणजे तिला पुन्हा झाकल्यासारखं होतं.

आज पहिल्यांदाच तो त्या काचेखाली पडला होता.

ऊन थेट डोळ्यांत येत होतं. डोळे किलकिले केले तरी वर नुसती पांढरी चकाकी. मधेच हिरवं काहीतरी सर्रकन जाई आणि ते झाड होतं एवढं कळेपर्यंत पुन्हा चकाकी. एक मोठी सावली तोंडावरून गेली तसा तो म्हणाला,

"बोरीची चिंच गेली बघ."

"बोरी मागंच गेली," महादेवी पुढून म्हणाली. "झरीचा वड होता त्यो."

शिवमूर्तीनं पुन्हा वर बघितलं. त्याचे डोळे चांगले होते, अजून चष्मासुद्धा लागला नव्हता.

झरीत सटवाजीनं गाडी कडेला घेतली आणि इंजिनात घालायला पाणी आणतो म्हणून डबडं घेऊन हापशाकडं गेला. शिवमूर्तीनं काचेवरचे हात तसेच ठेवले.

"अगं, अव्वाला कसं कळायचं मग?"

महादेवीनं डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं.

"मी इचारायलोय तुला."

"अव्वांना दिसत न्हवतं," ती हळू म्हणाली. "मोतीबिंदू पिकला होता दोन्ही डोळ्यांत. उजेड कळायचा, बस."

"मला कुणी बोललं न्हाई ते?"

"आधी खुबा निस्तरू दे म्हणायच्या. मला तर शपथच घातली होती." ती अजूनही समोरच बघत होती. "मी खिडकीतून बघायची अन् त्यांच्या कानात सांगायची. त्या तुमाला मोठ्यानं सांगायच्या."

"कशापायी?"

"तुमी एवढ्या हौसेनं काच बसवली. पोराचं मन मोडू नको म्हणायच्या."

घरात सासूसुनांमधून विस्तव जात नसे. भाजीतल्या मिठावरून दोघींचा अबोला आठवडाभर चालायचा. आणि या गाडीत, त्याच्या पाठीमागं, दोघी एकमेकींच्या कानाला लागून बसत होत्या!

"ऊन लय चटके द्यायचं बघा इथून," महादेवी म्हणाली. "मी पदर धरायची त्यांच्या तोंडावर. जाताना अन् येताना."

म्हणजे अव्वा झाकूनच जात होती.

"अन् तुला कटाळा न्हाई आला?"

महादेवी जराशी हसली. "एवढ्याच वाटंत त्या माज्याशी गोड बोलायच्या."

सटवाजी पाणी घेऊन आला. ते इंजिनात ओतून त्यानं गाडी परभणीकडं काढली.

गॅरेजवर किशनराव वाट बघतच उभे होते. चंद्रभान मिस्त्री वर चढून रबर उचकटून पाहत होता.

"अप्पा, मी विचार केला," किशनराव म्हणाले. "नारळाचं खरं कारण सांगणारा माणूस तुम्ही. काचेसाठी वरच्या साहेबांशी बोललोय मी, ते राजी आहेत. घ्या तुमची काच."

ज्यासाठी एवढी यातायात केली ते हातात आलं होतं. शिवमूर्ती महादेवीकडं वळला.

"तू सांग. काच का पत्रा?"

"मला इचारायलाव?" तिनं आजूबाजूला बघितलं. गाडीच्या कामात तिला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. "पत्रा टाका."

"पत्राच टाका साहेब," शिवमूर्ती म्हणाला. किशनराव बघतच राहिले.

गाडी तयार झाल्यावर आणायला दोघंच एसटीनं गेली. पत्रा चांगला बसला होता, रंग तेवढा थोडा वेगळा दिसत होता. महादेवी सवयीनं मागं बसली, खिडकीशी. गाडीत छान सावली होती. झरी जवळ आली आणि शिवमूर्तीच्या तोंडून आपसूक निघून गेलं,

"दिसायलंय का?"

विचारलं आणि त्याचं त्यालाच गलबलून आलं.

"आज तुमी सांगा," महादेवी म्हणाली.

त्यानं आरशात बघितलं. तिनं मान मागं टेकवून डोळे मिटले होते. मांडीवर, जिथं अव्वाचं डोकं असायचं तिथं, तिचा हात उताणा पडला होता.

इतकी वर्षं त्यानं या वाटेवर समोरच्या डांबराशिवाय काही पाहिलं नव्हतं. आता त्यानं मान वळवून बाजूला बघितलं.

"झरीचा वड आला," तो म्हणाला. "पारंब्या... पारंब्या तोडल्यात गं कुणीतरी रस्त्याच्या बाजूच्या."

"अन्?"

त्यानं गाडी हळू केली आणि आणखी काय दिसतंय ते बघू लागला.