फुकटचा अर्ज

सयाजीला मिळायचे होते अठरा लाख. चाकणच्या शेडमधल्या त्याच्या पत्रा दाबायच्या प्रेसवर ठोकलेले ब्रॅकेट जर्मनीतल्या एका कंपनीने नेले होते, त्याचं हे येणं. आलं की प्रेसचं कर्ज फिटणार, मशीन बँकेच्या तावडीतून सुटणार आणि सयाजी रहाटणीत छाती काढून फिरणार. छाती काढायची तालीम त्याने आधीच सुरू केली होती.

तेवढ्यात तिकडची कंपनी बुडाली. तिथल्या कोर्टाने नेमलेल्या व्यवस्थापकाचं पत्र आलं, तेही जर्मनमध्ये. वरच्या मजल्यावरची भाडेकरू रश्मी आयटीत जर्मनचंच काम करायची. तिने पत्र जिन्यातच वाचलं.

“दादा, तुमचं येणं किती ते या फॉर्मवर लिहून मुदतीत पाठवायचं. कंपनीचं किडुकमिडुक विकून जे येईल, त्यातून आधी कोर्टाचा खर्च आणि व्यवस्थापकाची फी कापणार. उरेल ते सगळ्यांत वाटणार. शंभराला नऊ-दहा मिळाले तरी नशीब म्हणा.”

“आणि फॉर्मची फी?”

“काही नाही. फुकट आहे. द्या, मीच भरते, पाच मिनिटांचं काम.”

सयाजीच्या कपाळाला आठी पडली. लातूर सोडून इथे आल्यापासून त्याची गाडी चहापाण्याशिवाय कुठल्या गेटातून आत गेली नव्हती. आणि कोर्टात अर्ज, तोही जर्मनीच्या, फुकट? शिवाय हिला एवढा कळवळा कशाचा? भाडं पुढच्या महिन्यात वाढायचं होतं. तरीच.

“बघतो,” म्हणून त्याने पत्र हातातून काढूनच घेतलं.

“अहो, भरू द्या की तिला,” घरात रुपाली म्हणाली.

“तुला माणसं कळत न्हाईत. फुकट करणारा मागून वसूल करतोय.”

“मग माझ्या डब्यांचे पैसे कधी देताय? वीस वर्षं फुकट जेवताय.”

डांगे चौकात भीमराज नावाचा सल्लागार होता. एसी, काचेचं टेबल आणि भिंतीवर जगाचा नकाशा. त्याने पत्र वरखाली पाहिलं आणि म्हणाला, “दहा टक्के. आगाऊ.”

सयाजीला एकदम हायसं वाटलं. हा माणूस बोलतो तरी माणसासारखं!

“वरची पोरगी म्हणत होती, फुकट आहे.”

“सयाजीराव, फुकटचा अर्ज कुठल्या टोपलीत जातो ते मला विचारा.”

एक लाख ऐंशी हजार. सयाजीकडे तेवढे नव्हते, रुपालीकडे होते. शिफ्टवाल्या पोरांना डबे पुरवून ती अठरा बायकांच्या भिशीत महिन्याला दहा हजार भरायची, आणि दुसऱ्याच महिन्यात तिचा नंबर लागला होता. ते पैसे तिने प्रेसच्या हप्त्यांसाठी राखले होते. तीस हजारांचा हप्ता, म्हणजे सहा महिन्यांची उसंत.

“हप्त्याला हात लावू नका,” ती म्हणाली.

“अगं, अठरा लाख येणार हायेत!”

तिने पैसे दिले.

चार हप्ते थकले आणि बँकेने प्रेस उचलून नेली. पुढच्याच महिन्यात तळेगावच्या एका कारखान्याची ऑर्डर चालून आली. ठोकायला मशीन नव्हतं.

तीन वर्षांनी जर्मनीहून पैसे आले. नऊ टक्के. एक लाख बासष्ट हजार. सोबत खर्चाचा तक्ता. तो घेऊन सयाजी तरातरा भीमराजकडे गेला.

“त्या व्यवस्थापकानं खाल्ले! पहिला घास त्याचाच!”

“खाल्ले नाही हो, घेतले. रीतसर फी आहे.”

“बुडालेल्याला बाहेर काढणाऱ्याची मजुरी आधी, व्हय?”

“मग? मी तरी वेगळं काय केलं?” भीमराज हसला. “चहा घेणार?”

जिन्यात रश्मी भेटली. भाडं न कुरकुरता दरवर्षी वाढवून देत आली होती. तिने सयाजीच्या हातातली, भीमराजने पाठवलेल्या अर्जाची प्रत घेऊन पाहिली. तोच फॉर्म होता. दाखल करण्याचा खर्च: शून्य.

“याने तुमच्याकडून किती घेतले, दादा?”

सयाजीने प्रत तिच्या हातातून काढूनच घेतली. ही आता एवढं विचारते ते कशासाठी, हे काही त्याला उमगेना.

ताळा काढायला रुपालीला कागद लागला नाही. कोर्टाचं कोर्टाला मिळालं, व्यवस्थापकाचं व्यवस्थापकाला, भीमराजचं भीमराजला. बँकेने मशीन नेलं. सयाजीच्या खात्यात अठरा हजारांची खोट आणि तळेगावची गेलेली ऑर्डर. आणि भिशी उचलल्यावरही उरलेले सोळा महिने, पहाटे उठून पोळ्या लाटत, दहा-दहा हजार भरले ते रुपालीने.